आण्णांची बुलेट उघडताना

घरातली एखादी वस्तू बंद पडली की तिच्यावर कापड टाकायचं आणि "बघू सवडीनं" म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या घरात ते कापड म्हणजे आण्णांच्या बुलेटवरची ताडपत्री. २०१० पासून ती गाडी कोल्हापूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेडला आम्ही कौतुकाने गॅरेज म्हणतो. तिथे बुलेटशिवाय दादाच्या मुलांच्या लहानपणच्या सायकली, दोन मोडक्या खुर्च्या आणि आईच्या रिकाम्या बरण्या असा ऐवज असतो.

गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. "गिऱ्हाईक आलंय. बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटला हल्ली चांगला भाव येतो म्हणे. बंद असली तरी चालेल म्हणतोय. देऊन टाकू?"

मी घाईघाईने नको म्हणालो. "आधी इंजिन उघडतो, मग ठरवू." दादाला वाटलं, वडिलांची आठवण म्हणून मी हळवा झालोय. तसं थोडंफार होतंही. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते पुढे येईलच.

तर गाडीची ओळख. आण्णांनी ती १९७९ साली मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या मालातून घेतली. तेव्हा नवी स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. पाटबंधारे खात्यातल्या ओव्हरसियरला कालव्याच्या कामावर रोज पोचायचं तर असा माल हाच मार्ग. गाडी आमच्या आठवणीत कायम काळी. पण टाकी उतरवून चौकटीच्या आतल्या बाजूला पॉलिश कागद मारला, तर काळ्याखाली दुसरा काळा आणि त्याच्याखाली लष्करी हिरवा निघाला. मग मी मुद्दामच हळू काम करायला लागलो. वाटलं, ही गाडी नुसती दुरुस्त करायची नाही, वाचायचीही आहे.

बुलेटचं मूळ गाव इंग्लंडमधलं रेडिच. हे सुया आणि मासेमारीचे गळ बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्याच एका सुयांच्या कारखानदारीतून पुढे सायकली निघाल्या आणि १९०१ साली पहिली रॉयल एनफिल्ड मोटारसायकल. 'बुलेट' हे नाव १९३२ चं. पण आपण ज्या गाडीला बुलेट म्हणतो, मागे शॉकॲब्सॉर्बरवाली, ३५० सीसीची, ती १९४९ पासून विकायला आली. १९५० च्या दशकात आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला दणकट मोटारसायकली हव्या होत्या, त्यांनी ही निवडली. त्यातून १९५५ साली मद्रासच्या मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोत्तियूरला कारखाना झाला. आधी सुटे भाग येऊन इथे जोडले जायचे, मग हळूहळू सगळे भाग इथेच बनायला लागले.

गंमत पुढे आहे. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला. इंग्लंडमधली उरलेली कंपनीही १९७० च्या सुमारास संपली. आणि मद्रासमध्ये तेच इंजिन निघतच राहिलं. १९७७ मध्ये तर इथली बुलेट इंग्लंडला निर्यात व्हायला लागली. लेकीने आईचं माहेर चालवावं तशातला प्रकार. थोडेफार बदल होत होत हे बिडाच्या सिलिंडरचं इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत बनत होतं. एका आराखड्यावर साठ वर्षं!

असो. इतिहास पुस्तकात वाचला की सरळ वाटतो. पान्याने उघडला की अडतो. पहिल्याच नटाशी अडलो.

माझ्याकडे चांगला नवीन पान्यांचा संच होता, मिलिमीटरचा. तेराचा पाना नटावर चढेना, चौदाचा घसरायला लागला. दोनदा बोटं सोलून घेतल्यावर आण्णांची खाकी कापडाची गुंडाळी आठवली. ती आईने माळ्यावर जपून ठेवली होती, आत सुतळीने बांधलेले पाने. प्रत्येकावर १/४ डब्ल्यू, ५/१६ बीएस असले आकडे. हे व्हिटवर्थचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली मांडलं की देशभरात स्क्रूंचे आटे एकसारखे असावेत, आट्याचा कोन ५५ अंश असावा. त्याआधी ज्याचा त्याचा आटा वेगळा. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नाही. आणि या पान्यांवरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं साधारण १३.३ मिलिमीटर. म्हणूनच तेराचा चढत नव्हता आणि चौदाचा घसरत होता.

आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९५८ पासून शेराऐवजी किलो यायला लागला. इंजिनातले आटे मात्र सरकारी हुकमाने एका रात्रीत बदलत नाहीत. आमच्या गाडीत इंची आणि मिलिमीटर दोन्ही सापडले, काही ठिकाणी एकाच झाकणावर. मूळचे कुठले आणि कुणी मागाहून घातलेले कुठले, हे जवळजवळ सांगता येत होतं. आणि यातली गंमत म्हणजे या अस्सल इंची इंजिनाचा सिलिंडर पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच मोजतात! व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०. गुणाकार करून बघा, ३४६ सीसी येतात. आपण ३५० म्हणतो.

हेड निघालं. सिलिंडर निघेना. पिस्टन आत चिकटून बसलेला. वरून डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस थांबलो. रोज ऑफिसातून आल्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच दोन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. आई म्हणाली, "देवळात जातोस तसा जातोयस रोज." नवव्या दिवशी पिस्टन केसभर हलला, तेव्हा मी शेडमध्ये एकटाच ओरडलो.

मग आण्णा भेटायला लागले. म्हणजे त्यांची कामं. टॅपेटच्या झाकणाचं एक कान तुटलेलं, ते पितळेने भरून कानसलेलं. एका स्टडचे आटे गेले होते, तिथे मोठं भोक पाडून नवा आटा पाडलेला. आणि जिथे दोन धातू जुळतात तिथे प्रत्येक ठिकाणी घरी कापलेलं पॅकिंग. बुलेट ऑइल गाळते हे सगळ्यांना माहीत असतं. आण्णा पॅकिंग विकत आणत नसत. जाड कागद झाकणावर ठेवायचा, हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने टकटक करत जायचं, की धातूच्या कडेवर कागद आपोआप कापला जातो. रविवारी सकाळी ती टकटक ऐकतच आम्ही भाऊ मोठे झालो. आम्हाला हात मात्र लावू देत नसत. "अभ्यास करा. हे शिकलात तर हेच करावं लागेल."

आता याबद्दल हळवं व्हायला सोपं आहे. 'पूर्वीच्या गाड्या घरी दुरुस्त व्हायच्या, पूर्वीची माणसं हाताने काम करायची' वगैरे. मीही तसं लिहिणार होतो. पण इंजिन समोर उघडं असताना तसं लिहिवेना. गाडी साठ वर्षं तशीच राहिली याचं एक कारण ती चांगली होती. दुसरं कारण असं की ती बदलायची कंपनीला फारशी गरजच पडली नाही. परवाने मोजके, बाहेरचा माल बंद, गिऱ्हाईक रांगेत. १९८४-८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या जोडीने शंभर सीसीच्या गाड्या आल्या, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की इंजिन ऑइल न गाळताही चालतं. एनफिल्ड इंडियाची त्यानंतर दमछाक झाली, १९९४ मध्ये कंपनी आयशरकडे गेली. आण्णांच्या हाताला जे कसब आलं ते टंचाईने शिकवलं हे खरं. पण त्या शिकवणीची फीही तगडी होती. ती त्यांनी रविवार देऊन भरली.

आणि मी काय शिकलो? टकटक ऐकली. हातोडी कशी धरायची ते लांबून बघितलं. एवढंच. इथून पुढचं लिहायचं म्हणून तर ही सगळी प्रस्तावना.

आण्णा २००९ मध्ये गेले. गाडी त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या मेस्त्रींकडे असायची. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांना माहीतच आहे. आण्णांचे जुने दोस्त, उद्यमनगरजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. २०१० मध्ये त्यांनी गाडीची सगळी सर्व्हिसिंग करून दिली. पंधरवड्यात मी ती पन्हाळ्याला काढली. वाघबीळच्या चढाला इंजिनचा आवाज बदलला, गाडी जड झाली, आणि मागचं चाक करकचून थांबलं. टेम्पोत घालून घरी आणली.

दादा फार चिडला. वडिलांची शेवटची वस्तू, आणि पंधरा दिवसांत तिची ही गत. मेस्त्रींना बोलावून घेतलं आणि आमच्या दारात, गल्लीतल्या लोकांसमोर, नको ते बोलला. वयाने एवढा मोठा माणूस. मेस्त्री गाडीजवळ उकिडवे बसले, उजव्या बाजूचं टायमिंगचं झाकण बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता गेले. परत आमच्या घरी आले नाहीत. दादाच्या मित्रांनीही त्यांच्याकडे जाणं सोडलं.

मी त्या वेळी गप्प होतो. कारण मेस्त्रींच्या सर्व्हिसिंगनंतर, पन्हाळ्याच्या आदल्या रात्री, ते झाकण मी उघडलं होतं. थोडं ऑइल झिरपत होतं. वाटलं, आपणही आण्णांसारखं पॅकिंग कापू. कापलं, बसवलं, झिरपणं थांबलं. फार अभिमान वाटला होता. गाडी बंद पडल्यावर मनात शंका आली, पण शंकाच ती, आणि ती तपासायची तर इंजिन उघडायला हवं. मी ताडपत्री टाकली.

बुलेटचं ऑइल इंजिनच्या पोटातच एका कप्प्यात असतं. त्या टायमिंगच्या झाकणात दोन लहान पंप असतात, क्रँकच्या टोकावरच्या मळसूत्राने फिरणारे. एक पंप ऑइल इंजिनाला देतो, दुसरा खाली साठलेलं परत कप्प्यात आणतो. हे ऑइल जातं क्रँकमधून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकापर्यंत. तिथे बुलेटमध्ये बेअरिंगऐवजी तरंगती बुश असते, पांढऱ्या धातूचा लेप दिलेली. बुश आणि पिन यांच्यात ऑइलचा पातळ पापुद्रा आहे तोवर ती हजारो किलोमीटर चालते. पापुद्रा गेला की काही किलोमीटरही नाही. आणि ऑइलची ही वाट केस आणि झाकण यांच्या सांध्यातून जाते. म्हणजे मधल्या पॅकिंगमधून. म्हणून त्या पॅकिंगला कडेच्या स्क्रूंच्या भोकांशिवाय ऑइलचीही भोकं लागतात.

गेल्या वर्षी सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी ते झाकण काढलं. पॅकिंग सुकून केसला चिकटलं होतं. ब्लेडने सावकाश सोडवलं. कॉलेजच्या ड्रॉइंग शीटचा कागद, माझाच. एका कोपऱ्यात पेन्सिलची समासाची रेघही दिसत होती. कडा छान कापलेली, स्क्रूंची सगळी भोकं व्यवस्थित. आणि कप्प्यातून पंपाकडे ऑइल नेणारं भोक पाडलेलंच नाही. कागदावर तिथे एक गोल डाग, ऑइलने पंधरा वर्षं दार ठोठावल्यासारखा.

खूप वेळ शेडमध्ये बसून होतो. शंका होती तेव्हा तिच्याबरोबर राहता येत होतं. आता कागद हातात होता.

दुसऱ्या दिवशी तो कागद पाकिटात घालून मेस्त्रींकडे गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. मेस्त्री थकलेत, बाहेर खुर्चीवर बसलेले असतात. मी नाव सांगितलं, कागद पुढे केला, जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून कागद उजेडात धरला.

"मला तवाच कळलं हुतं," ते म्हणाले. "कव्हरच्या स्क्रूंची डोस्की खाल्ल्याली. मी स्क्रू असं न्हाई सोडत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुजा बाप जाऊन वरीस झालं न्हवतं. पोरास्नी काय बोलायचं." मग बराच वेळ गेला. "पर वाईट वाटलं हुतं. न्हाई म्हणत न्हाई."

मी माफी मागितली. त्यावर त्यांनी ठीक आहे वगैरे काही म्हटलं नाही. कागद परत दिला आणि म्हणाले, "भोकं आदी पाडायची. मग कड कापायची. तू उलटं केलंस. कड कापली की काम झाल्यागत वाटतंय." मी निघालो तेव्हा मागून हाक आली, "आणि त्यो मळसूत्राचा नट उलट्या आट्याचा हाय. जोर लावून मोडशील."

खरंच उलट्या आट्याचा होता.

पुढचं काम सरळ होतं, वेळखाऊ होतं. सिलिंडर उद्यमनगरात बोअर करून घेतला, एक माप मोठा पिस्टन आणि रिंगा घातल्या. क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन आणि बुश बसवून मेस्त्रींच्या मुलाने आणून दिली. जुन्या बुशचा लेप पार खरवडून गेला होता, पिन निळी पडली होती. व्हॉल्व्ह घासून बसवले. टॅपेट थंड इंजिनावर असे लावायचे की पुशरॉड दोन बोटांत फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून टायमिंग लावलं; कागद सुटला तो क्षण खरा. आणि पॅकिंग मी पुन्हा घरीच कापलं. बाजारात चांगलं तयार मिळतं, तरीही. भोकं आधी पाडली. झाकण लावण्यापूर्वी प्रत्येक भोकातून तार घालून बघितली.

सुरू करण्याआधी प्लग काढून, वर रॉकरकडे जाणाऱ्या ऑइलच्या पाइपचा बोल्ट सैल करून नुसत्या किका मारत राहिलो. ऑइल वरपर्यंत आलं तरच प्लग लावायचा असं ठरवलं होतं. किती मारल्या मोजल्या नाहीत, शर्ट भिजला होता. मग बोल्टच्या कडेला ऑइलचा एक थेंब फुगला आणि फिनवरून खाली ओघळला. बुलेटचं ऑइल गळताना एवढा आनंद कुणाला झाला नसेल!

प्लग लावला. ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे नेला, आणि किक. चौथ्या किकेला लागली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्या आवाजात बोलता येतही नाही.

त्या रात्री दादाला फोन केला. आधी गाडी सुरू झाल्याचं सांगितलं, मग कागदाचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मेस्त्रींना मी उगाच..." मी म्हणालो, "हो." रागावेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पंधरा वर्षं, अरे."

दिवाळीत तो आला आणि आम्ही दोघं मेस्त्रींकडे गाडीवरून गेलो. दादा त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. गाडीकडे कान करून ऐकत होते. म्हणाले, "टॅपेट जरा कडक हाय." ते बरोबरही होतं.

गाडी विकायची नाही असं आता ठरलंय. पण तेवढ्यासाठी हे लिहिलं नाही. रेडिच बंद झालं, मद्रासने चालू ठेवलं, लष्कराने वापरून टाकली, आण्णांनी जोडली आणि मी बिघडवली, हे सगळं त्या इंजिनात ज्याच्या त्याच्या जागी नोंदवलेलं होतं. इंजिनाने कुणाचीच बाजू घेतली नव्हती. कुणीतरी पाना लावून उघडायचं तेवढं बाकी होतं, आणि ते माणूस मी असूनही मला पंधरा वर्षं लागली.

तो ड्रॉइंगचा कागद शेडमध्ये आण्णांच्या पान्यांच्या वर खिळ्याला लावलाय. दादाची मुलगी परवा विचारत होती, हे काय आहे. तिला आधी भोकं कशी पाडायची ते दाखवलं.